नोटिशीआधी शिकवणी हवी

प्रदूषणाचा विषय निघाला की म्हणतात, दंड बसल्याशिवाय कारखानदार हलत नाही. मला हे अर्धंच पटतं. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काढली. जुनं प्लास्टिक धुतलं की गढूळ पाणी थेट गटारात, सोबत चुऱ्याचे रंगीत तुकडे. १९७४ चा जलप्रदूषण कायदा, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कारखाना चालवायचं संमतीपत्र, सगळं मालकाच्या फायलीत. नळी धरणाऱ्या पोराला कुणी काही सांगितलंच नव्हतं! मग गटाराच्या तोंडाशी जाळी लावली, पाणी टाकीत निवळून परत धुण्याला घेतलं. उन्हाळ्यात टँकर कमी झाले. दाल मिलवाल्यांनो, धुळीच्या फिल्टरची पिशवी कधी झटकायची हे मजुराला शिकवा, तेही मशीनपाशी उभं राहून, आपल्या अहिराणीत.