सारख्याच खनिजांचे खडक वेगवेगळ्या प्रकारांत का मोडतात?

जिज्ञासा :
ग्रॅनाइट, नाइस आणि आर्कोज नावाचा वालुकाश्म या तिन्ही खडकांच्या वर्णनात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक ही खनिजे आढळतात. तरीही पहिला अग्निजन्य, दुसरा रूपांतरित आणि तिसरा गाळाचा खडक मानला जातो. घटक तेच असतील, तर हे वर्गीकरण कशाच्या आधारे होते? आणि नमुना हातात घेऊन हा फरक ओळखता येतो का?

स्फटिक :
खनिजाची ओळख त्याच्या रासायनिक घटकांवरून आणि अणूंच्या मांडणीवरून ठरते. खडकाचा प्रकार मात्र तो कसा घडला यावरून ठरतो, आणि त्याची खूण खडकाच्या पोतात, म्हणजे कणांच्या आकारात व मांडणीत, उरते. भिंगातून पाहिल्यास ती दिसते. ग्रॅनाइट खोलवर, शिलारस अतिशय सावकाश थंड होऊन तयार होतो, त्यामुळे त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. आर्कोजमध्ये सुटे, तुटलेले कण सिलिका किंवा कॅल्साइटसारख्या पदार्थाने सांधलेले दिसतात. नाइसमध्ये उष्णता आणि दाब यांमुळे खडक घन स्थितीतच पुन्हा स्फटिकतो व फिकट आणि गडद खनिजांचे पट्टे तयार होतात.
शिलारस लाव्हारूपाने बाहेर येऊन लवकर थिजला, तर त्याच रासायनिक घटकांपासून रायोलाइट हा सूक्ष्मकणी खडक मिळतो.

वाळूकण :
वरील उत्तर योग्य आहे, परंतु त्यात खनिजांकडे थोडे दुर्लक्ष झाले आहे असे मला वाटते. हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते, आणि अशा पाण्याच्या दीर्घ संपर्कात फेल्डस्पारचे चिकणमातीच्या खनिजांत रूपांतर होते. क्वार्ट्झ मात्र जवळजवळ तसेच टिकते. म्हणूनच दूरवर वाहून आलेल्या आणि पुन्हापुन्हा घासल्या गेलेल्या वाळूत बहुतांशी क्वार्ट्झच उरते. आर्कोजमध्ये फेल्डस्पारचे प्रमाण २५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. एवढे फेल्डस्पार शिल्लक राहिले, याचा अर्थ मूळ खडक झपाट्याने झिजून गाळ जवळच गाडला गेला असावा, किंवा तेथील हवामान कोरडे अथवा थंड असावे. कण कोनदार असतील तर अल्प प्रवासाच्या शक्यतेला बळ मिळते. हा पुरावा खनिजच देते, केवळ पोत नव्हे.

जिज्ञासा :
दोघांचेही आभार. मग नाइस पूर्वी ग्रॅनाइट होता की गाळाचा खडक, हेही खनिजांवरून कळू शकते का?

स्फटिक :
बऱ्याचदा कळते, आणि येथे वाळूकण यांचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. चिकणमातीयुक्त गाळात ॲल्युमिनियम भरपूर असते, त्यामुळे त्यापासून बनलेल्या नाइसमध्ये कायनाइट किंवा सिलिमनाइट आढळू शकते. ग्रॅनाइटपासून बनलेल्या नाइसमध्ये ही खनिजे सहसा नसतात. कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे, फक्त अणूंची मांडणी निराळी आहे. अँडालुसाइट कमी दाबाखाली, कायनाइट तुलनेने अधिक दाबाखाली आणि सिलिमनाइट उच्च तापमानाला स्थिर असते, त्यामुळे यांपैकी कोणते खनिज सापडले यावरून तो खडक कोणत्या परिस्थितीतून गेला याचाही अंदाज बांधता येतो.