अनुभव धागा: ‘तुमचा पॅन नंबर हाच ना?’

परवा बाबांना फोन आला, इन्कम टॅक्समधून बोलतोय म्हणून. समोरच्यानं पॅन नंबर, जन्मतारीख, अगदी नागपूरच्या महाल भागातला आमचा जुना पत्तासुद्धा बरोब्बर सांगितला. रिफंड अडकलाय, पाठवलेलं ॲप टाका, म्हणे. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (दाबली की ॲप थेट मोबाइलमध्ये टाकणारी) आली आणि बाबांनी ती दाबलीही. पण मोबाइलमध्ये नातवाचे इतके व्हिडिओ की जागाच नव्हती! आमच्या शहाणपणाचा काही संबंध नाही. खरा रिफंड पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यात आपोआप जमा होतो, त्याला ॲप लागत नाही, हे सांगितलं तरी बाबांचं एकच: “एवढं खरं सांगणारा माणूस खोटा कसा?”

तुमच्याकडे असं काही घडलंय का? नावं नकोत, फक्त काय झालं ते लिहा.

मानेवाडा, शिक्षिका
माझ्याकडे तर फोनही आला नाही. रिटर्न दरवर्षी सीएच भरतात, मी ‘हो’ म्हणते. यंदा पोर्टलवर एआयएस (आपल्या पॅनवर नोंदलेल्या वर्षभराच्या उत्पन्नाची, व्यवहारांची यादी) सहज उघडून पाहिलं तर त्यात घरभाड्याचं उत्पन्न, 1 लाख 80 हजार! मी स्वतः दोन खोल्यांत भाड्यानं राहते. आधी हसूच आलं. मग सीएंनी उलगडून सांगितलं: वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर असेल तर नोकरदाराला एचआरए (घरभाडे भत्ता) सवलतीसाठी घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. कुणीतरी माझा ठोकून दिला. एआयएसमध्येच त्या नोंदीवर हरकत घेता येते. ‘माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ असा पर्याय निवडला. माझा भाडेकरार आणि स्क्रीनशॉट जपून ठेवलेत. पॅन गेला कुठून, ते आठवून आठवून डोकं दुखलं. शाळा, गॅस, सोनार, कुठे कुठे झेरॉक्स दिल्या!

सक्करदरा
मले त् नोटिशीची मेल आली होती, शिक्का गिक्का सगळं. पोट्टी म्हणे, बाबा, डीआयएन पाहा, म्हणजे पत्राचा ओळख नंबर. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रावर तो नंबर टाकतात. पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते. टाकला, त् असा नंबरच नाही म्हणे. मंग जेवलो निवांत.

नाव नको
माझे 18 हजार गेले. लाज वाटली म्हणून दोन दिवस बायकोलाही बोललो नाही. ठाण्यात गेलो तेव्हा कळलं, पैसे तोवर तीन खात्यांतून फिरले होते. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच फोन लावला असता तर काही रक्कम गोठवता आली असती. तो आकडा आता फ्रिजवर लिहून ठेवलाय.

धरमपेठ
क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) मी न घेतलेलं 6 हजारांचं कर्ज निघालं. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, हेच माहीत नव्हतं. तक्रार चालू आहे.

सीताबर्डी
काल प्रिंट काढायला गेलो. दुकानदाराच्या काँप्युटरवर डाउनलोडचा फोल्डर उघडा: ओळीनं आधार, पॅन, पासबुक, सगळी गिऱ्हाइकांची. माझं आधार मी पहिले आठ आकडे झाकलेलंच देतो, तरी म्हटलं, माझी फाइल उडवा. “राहू द्या ना भाऊ, पुढच्या वेळी कामी येईल.” उभा राहून उडवायला लावली, रीसायकल बिनमधूनही. तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, “माझीही काढ रे बाप्पा, मागच्या महिन्यातली असेल.”