जर्मनीत बिऱ्हाड हलवायचं तर खरा खर्च किती? अनुभव लिहा

मंडळी, नवऱ्याला म्युनिकची ऑफर आलीये, ग्रॉस आकडा बघून घरचे सगळे हवेत, सासूबाईंनी तर त्याला शंभरने गुणून अख्ख्या सोसायटीत सांगूनही झालं. सरासरी वगैरे नकोय मला, ती गुगलवर मिळते. तुमच्या खिशातून प्रत्यक्ष काय गेलं ते लिहा. आम्ही दोघं आणि चार वर्षांची लेक.

मुळाकाठचा, म्युनिक
अभिनंदन! पगार विसरा, पहिल्या तीन महिन्यांसाठी हातात किती रोकड आहे ते बघा आधी. घराच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते काल्टमीटे, म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई धरून होतं ते वार्ममीटे, आणि वीज-इंटरनेट बहुतेक वेळा त्यातही नसतं. डिपॉझिट काल्टमीटेच्या तिप्पट घेऊ शकतात, पण कायद्याने ते तीन समान मासिक हप्त्यांत द्यायची मुभा आहे, घरमालक हे आपणहून सांगत नाही, आपण विचारायचं.

आणि किचन!! इथे रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. चावी घेऊन आत गेलो तर किचनच्या जागी भिंतीतून आलेले दोन पाइप, ना ओटा ना सिंक ना शेगडी, छताला दिव्याच्या जागी वायरी लोंबतायत. बायको कुकर हातात घेऊन नुसती उभी. जुना भाडेकरू कधीकधी त्याचं किचन विकून जातो, ते घासाघीस करून घ्या, कारण नवीन करायचं तर काही हजार युरो आणि बसवणाऱ्याची आठवडेच्या आठवडे वाट. तोवर आम्ही सुट्या इंडक्शनवर खिचडी आणि बाथरूमात भांडी. म्युनिकमध्ये भाडं सगळ्यात महाग हे खरं, पण ते निदान आधी कळतं तरी.

ठेचाप्रेमी, आखन
विद्यार्थ्यांचं गणित येगळं हाये भाऊ. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधीच भरा, मग दर महिन्याला त्यातले 992 सुटतात. पैसे आपलेच, पण लोन मंजूर झालं रुपयात आणि पैसे भरेपर्यंत युरो चढला, तो फरक बाबांनी सोयाबीनच्या पैशातून घातला. इकडे सरकारी युनिला ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं काँट्रिब्यूशन आहे, त्यात प्रवासाचं तिकीट येतं. पण हे सगळीकडे धरून चालू नका, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो आहेत. हेल्थ इन्शुरन्स महिन्याला दीडशेच्या घरात, तो चुकत नाही. बाकी मेन्सात, म्हणजे युनिच्या कँटीनमध्ये जेवा, प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, परत दिल्या की एकेकीचे 25 सेंट मिळतात. महिनाअखेर पोतं भरून नेतो आम्ही, कसली लाज.

कृष्णाकाठ, श्टुटगार्ट
नवरा आधी एकटा जाणार असेल तर हे वाचा. कुटुंब भारतात असेपर्यंत लग्न झालेलं असून टॅक्स क्लास 1 लागतो (पगारातून कर किती कापायचा ते या क्लासवर ठरतं), म्हणजे कापून हातात येतं ते बघून पोटात गोळा. तुम्ही इकडे येऊन पत्ता नोंदवलात की दोघांना 4 लागतो, मग अर्ज करून जास्त कमावणाऱ्याला कमी कर कापणारा 3 आणि दुसऱ्याला 5 घेता येतो, एकाचाच पगार असेल तर महिन्याला हातात बराच फरक पडतो. सरकारी हेल्थ इन्शुरन्स घेतलात तर कमाई नसलेली बायको आणि मुलं त्याच हप्त्यात. किंडरगेल्ड, म्हणजे सरकारचा बालभत्ता, मुलामागे, 2025 मध्ये महिन्याला 255 युरो होतं. त्यामुळे 'एकटा राहून सेटल होतो मग बोलावतो' यात वाचत काहीच नाही, दोन बिऱ्हाडांचा खर्च मात्र होतो.

उन्हाळी वांगं, बर्लिन
बर्लिनमध्ये किटाची, म्हणजे पाळणाघर-बालवाडीची फी 2018 पासून माफ आहे, जेवणाचे पैसे द्यायचे फक्त. म्युनिकचं तिकडच्यांना विचारा. पण फुकट असलं तरी जागा मिळायला हवी ना, आमची मिळेपर्यंत मी घरी आणि माझा पगार शून्य. हा खर्च कोणी एक्सेलमध्ये धरत नाही.

मुळाकाठचा
+1. आणि भारतातलं लायसन्स सहाच महिने चालतं हो, नंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा, ड्रायव्हिंग स्कूलला हजाराच्या वर सहज जातात. गाडी लगेच घेऊच नका. डॉइचलँड तिकीट, म्हणजे देशभर लोकल गाड्या-बसला चालणारा महिन्याचा पास, 49 युरोला सुरू झालं होतं 2023 मध्ये, आता 63 झालंय, तरी परवडतं.

लिंबूफोड, लाइपझिग
सगळे सांगतात रुपयात गुणू नका. मी गुणते. घरी आईचं औषधपाणी, भावाची फी माझ्याकडे आहे, न गुणून कसं चालेल? नवऱ्याचे केस मी घरी कापते, कोथिंबीर तुर्की दुकानातून, तिथे जुडी म्हणजे खरंच जुडी असते, इंडियन स्टोअरमध्ये चार काड्यांचे पैसे मोजायचे. श्रीखंडासाठी दही टांगत बसू नका, मागरक्वार्कचा (चक्क्यासारखं घट्ट, बिनसायीचं) अर्धा किलोचा डबा आणा, साखर-वेलची घालून फेटा, पाहुण्यांना कळत नाही. ज्वारीचं पीठ मात्र भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कोंबते.

एक राहिलंच. पत्ता नोंदवला की टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येतंच, टीव्ही असो नसो, घरामागे महिना 18.36 युरो. आणि हीटिंगचा वर्षाचा हिशोब घरमालक नंतर पाठवतो, 2022 ला गॅस महागला त्याचं बिल आमच्याकडे पुढच्या वर्षी आलं, जवळपास एका भाड्याएवढं. थोडे पैसे बाजूला ठेवा त्यासाठी.

धागाकर्ती
बापरे, सासूबाईंना वाचून दाखवते हे सगळं. किचनवालं घर शोधायचं तर जाहिरातीत काय बघू?

मुळाकाठचा
'ईबीके' अशी तीन अक्षरं असतात, आयनबाउक्युखेचा, म्हणजे बसवलेल्या किचनचा शॉर्टफॉर्म. पण फोटो मागवाच, कधीकधी किचन जुन्या भाडेकरूचं असतं आणि त्याचे पैसे वेगळे मागतात.