गेम आणि तबला, दोन्ही कसं सांभाळता?

नोकरीवरून आल्यावर बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळतो. त्यातल्या एरँगल नकाशावरची एक मॅच अर्ध्या तासाची, 'शेवटची एक' म्हणता म्हणता दीड वाजतो. काल महिन्याभराने तबल्याची खोळ काढली, तर पुडीवर, म्हणजे वरच्या कातड्यावर, बुरशी. आठ वर्षं शिकलोय, पोटात कालवलं. आईच्या गोळ्या आणायच्याही राहिल्यात.

उत्तर १: आधी गोळ्या आणा! मॅच मध्येच थांबवता येत नाही, म्हणून मी घड्याळ बघत नाही, मॅच मोजते. दोन झाल्या की फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला.

उत्तर २: पुडी कडक उन्हात ठेवू नका, शाई (मधला काळा गोल) तडकते. कोरड्या फडक्याने पुसा. आणि रियाज आधी, गेम नंतर. उलटं मला कधीच जमलं नाही.

प्रश्नकर्ता: गोळ्या आणल्या. 'धा धा तिट धा धा तूना' हे तबल्याचे बोल वाजवले. बोटं जड झालीत, पण आई दारात येऊन उभी राहिली.