विषय: शेफील्डमध्ये प्रिस्क्रिप्शनचे पैसे, मुलाचं शिक्षण थांबलंय

प्रेषक: नागपूरहून एक आई
9 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी,

मी तुमच्या मंडळाची सभासद नाही. माझी धाकटी जाऊ काही वर्षं इंग्लंडला होती, तिने या लिस्टचा पत्ता दिला. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे मिरगी म्हटलं की लोक आधी लग्नाचं काढतात.

मुलगा जानेवारीपासून शेफील्डला एमएस्सी करतोय. जुलैत पहिली फिट आली, ऑगस्टमध्ये दुसरी. रिपोर्ट इथे धंतोलीत न्यूरोलॉजिस्टना दाखवले, तेही एपिलेप्सीच म्हणाले. तेव्हापासून क्लास नाही, प्रोजेक्ट नाही, गोदामातली अर्धवेळची नोकरीही गेली. महिन्याला तीन औषधं, प्रत्येकी 9.90 पौंड. पहिल्या वेळी त्याने फॉर्मवर ‘विद्यार्थी’ अशी खूण केली आणि औषधं फुकट मिळाली. आता दंडाचं पत्र आलंय. काल व्हिडिओ कॉलवर कळलं, पैसे वाचवायला गोळी एक दिवसाआड घेतो. व्हिसाच्या वेळी आरोग्याचे म्हणून वर्षाला 776 पौंडांच्या दराने भरले होते, ते कशाचे मग?

सरकारची काही मदत आहे का? नसेल तर इथून येणाऱ्या कुणाजवळ सहा महिन्यांच्या गोळ्या देते.

---

प्रेषक: नागपूरच्या महाल भागातले औषधवाले काका
9 नोव्हेंबर

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता फोन लावा. गोळी रोज, ठरल्या वेळेला. फिटची गोळी मधूनमधून घेतली की फिट येण्याचा धोका वाढतो, कधी एकामागून एक येतात. चुकलेल्या डोसांचं काय करायचं ते तिथल्या फार्मसीत विचारू द्या, नाहीतर 111 ला, म्हणजे तिथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन. मनानेच दोन-दोन घेऊ नये.

दुसऱ्याच्या बॅगेतून गोळ्या पाठवू नका. त्यात कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन असेल तर कंपनी बदललेलीही चालत नाही, रक्तातलं प्रमाण वरखाली होतं. पोरगा परत आलाच तर डॉक्टरांच्या पत्रावर औषधाचं मूळ नाव असू द्या. तिथला ब्रँड इथे ओळखतीलच असं नाही. जनऔषधीत काय मिळतं ते मी बघतो.

पैशाचं लीड्सच्या ताई सांगतील.

---

प्रेषक: लीड्सहून
10 नोव्हेंबर

ताई, मी इथे फार्मसीच्या काउंटरवर बारा वर्षं काढली. तुमच्या मुलासारखी खूण करणारी पोरं दर सप्टेंबरला यायची. त्या फॉर्मवर पूर्णवेळ शिक्षण लिहिलेलं असतं खरं, पण ते 16 ते 18 वयाच्यांसाठी. युनिव्हर्सिटीतल्या मोठ्या मुलांना ती सूट नाही. दंड औषधाच्या रकमेच्या पाचपट, जास्तीत जास्त 100 पौंड, शिवाय मूळ पैसे वेगळे. 28 दिवसांत उत्तर किंवा पैसे गेले नाहीत तर आणखी 50 पौंडांपर्यंत वाढतो. पत्र खणात टाकून ठेवू नये एवढं त्याला बजावा.

आणि आता ऐकून तुम्हाला राग येईल. रोजची गोळी लागणारी एपिलेप्सी फुकट औषधांच्या यादीतच आहे. विद्यार्थी आहे की नाही, शिकतोय की घरी बसलाय, याचा संबंधच नाही. जीपीच्या सर्जरीत, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, एफपी92ए नावाचा फॉर्म मिळतो, तो भरायचा, डॉक्टर सही करतात. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं आणि त्यावर सगळीच औषधं फुकट, खोकल्याचं अँटिबायोटिकसुद्धा. दातांचे उपचार आणि चष्मा मात्र त्यात येत नाहीत. अर्ज पोचल्याच्या एक महिना आधीपासून ते लागू होतं. म्हणून सर्टिफिकेट येईपर्यंत पैसे भरताना एफपी57 ही पावती मागायचीच. साधी पावती चालत नाही आणि एफपी57 नंतर मिळत नाही. तीन महिन्यांत ती दाखवली की पैसे परत.

त्याला हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यानेही कुणाला आजार सांगितला नसणार. काउंटरवरच्या माणसाला फक्त खूण दिसते.

ही यादी 1968 ची आहे. 2009 मध्ये कॅन्सर त्यात घातला, पण दमा अजून बाहेर आणि डिप्रेशनही बाहेर. डिप्रेशनने वर्ष सोडलेली मुलगी असती तर मला हे उत्तर देता आलं नसतं. मग एचसी1 फॉर्म भरायचा, कमी उत्पन्नाचा. बचत 16,000 पौंडांच्या वर नसावी. त्यावर एचसी2 हे सर्टिफिकेट मिळालं तर औषधांबरोबर दातांचे उपचारही फुकट. तेही नाही झालं तर आगाऊ भरायचा पास: तीन महिन्यांचा 32.05, वर्षाचा 114.50. तीन महिन्यांत चार औषधं झाली की पहिला वसूल. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये यातलं काहीच लागत नाही, तिथे सगळ्यांनाच फुकट. शेफील्ड इंग्लंडात, काय करणार.

ते 776 पौंड डॉक्टर आणि हॉस्पिटलसाठी. औषधाचं शुल्क त्यात धरलेलं नाही.

आणखी एक. युनिव्हर्सिटीला त्याने कळवलंय का? न सांगता गैरहजर राहणं व्हिसाला वाईट. सांगून रजा घेतली तरी ती 60 दिवसांच्या वर गेली की ते बहुतेक वेळा स्पॉन्सरशिप, म्हणजे ज्यावर व्हिसा टिकतो तो युनिव्हर्सिटीचा आधार, काढून घेतात. गंभीर आजारात अपवादाला जागा असते, पण त्यासाठी डॉक्टरांचं पत्र आधी हातात हवं. तारखा आणि कागद घेऊन त्यांच्या व्हिसा सल्लागारालाच भेटायला सांगा.

---

प्रेषक: नागपूरहून एक आई
13 नोव्हेंबर

ताई, काका,

गोळ्या रोज सुरू झाल्या. डोसांबद्दल त्याने त्याच रात्री 111 ला विचारलं. फॉर्म मंगळवारी सर्जरीत दिला. काउंटरवर एफपी57 मागितली तर तिथल्या मुलीने आधी नाहीच म्हटलं, मग खणातून शोधून दिली. दंडाच्या पत्राचं उत्तर आज गेलं.

युनिव्हर्सिटीला कळवलं नव्हतं. मीच नको म्हटलं होतं, उगाच बोभाटा नको म्हणून. शुक्रवारी दुपारी त्यांच्या ऑफिसात भेट ठरली आहे. एकटाच जाणार आहे आणि रस्त्यात फिट आली तर या विचाराने मला झोप नाही. मंडळातलं शेफील्डच्या जवळ कुणी आहे का?

---

प्रेषक: लीड्सहून
13 नोव्हेंबर

तासाभराची ट्रेन आहे, मी जाते. त्याचा नंबर मला वेगळा पाठवा, इथे लिस्टवर नको.