माग थांबला, भट्टी चालू राहिली: जगाच्या बाजारानं बेळगावला काय दिलं?

मागावरची, शहापूर
मी लहान असताना आमच्या गल्लीत रात्रीसुद्धा मागाची खटखट चालायची. आई कांड्या भरायची, बाबा मागावर असायचे, आणि सणाच्या तोंडावर व्यापारी साडीसाठी दारात येऊन बसायचा. आता त्या गल्लीत मोजकेच माग उरलेत. बाबांनी आपले दोन माग भंगारात किलोवर विकले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

1991 ला देशाची दारं उघडली, 1995 ला जागतिक व्यापार संघटना आली, 2005 ला कापडाच्या निर्यातीवरचा कोटा उठला. आता आपलं कापड जगात खपेल, असं सांगत होते. खपलंही, पण मोठ्या गिरण्यांचं आणि तयार कपड्यांचं. दोन मागांच्या घराला त्यात जागा नव्हती. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जागतिकीकरणानं सीमाभागातल्या कारागिराचं नुकसानच केलं, धंद्यात केलं आणि घरातल्या भाषेतही केलं. माझी भाची इंग्रजी शाळेत जाते. दुकानात कन्नड बोलते, घरी मराठी बोलते, पण आजीनं लिहिलेलं मराठी पत्र तिला वाचता येत नाही. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर लिहावं.

उद्यमबागेतला
ताई, बाबांचं वाचून पोटात कालवलं. पण नुकसान कुणी केलं ते नीट बघूया की. तुमच्या साडीला मारलं ते सुरतेच्या साडीनं. सुरत काय परदेशात आहे? व्यापार संघटना नसती तरी ती साडी ट्रकमधून इथं आलीच असती.

आमची फाउंड्री लहान आहे. वडिलांच्या काळात पंपाची कास्टिंगं ओतायचो, माल कोल्हापूर-पुण्याच्या पुढं जात नव्हता. बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं तेव्हा पहिलं वर्ष रडत काढलं. त्यांची तक्रार मालाची नव्हतीच, कागदाची होती. हे कास्टिंग कुठल्या ओतीचं, म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेल्या कुठल्या रसाचं, त्या ओतीत कार्बन किती, सिलिकॉन किती, कडकपणा किती, सगळं लिहून पाहिजे. ते लिहायला शिकलो आणि भट्टीवर काय चुकतंय ते आम्हालाच दिसायला लागलं. मोल्डिंगवरचा एक पोरगा ड्रॉइंग वाचायला शिकला, आज तोच माझं मशीन शॉप सांभाळतो. बेळगावजवळ हत्तरगीला एकस कंपनीच्या कारखान्यात एअरबस आणि बोईंगच्या विमानांचे भाग तयार होतात. आयटीआय-डिप्लोमा झालेल्या आपल्या पोरांना पूर्वी पुण्याची गाडी धरण्याशिवाय दुसरी वाटच नव्हती.

धोका नाही असं मी म्हणत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला आणि गिऱ्हाइकाकडून एका ओळीचा निरोप आला, तूर्त थांबा. त्या महिन्याचे पगार मी कर्ज काढून केले. तरीही दार लावून घ्या असं मी म्हणणार नाही.

मागावरची, शहापूर
सुरत परदेशात नाही, कबूल. पण तिथले वॉटरजेट माग चीनमधून आलेत. बाबांच्या मागाला एक साडी उतरवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात तिकडं ढीग लागतो. दादा, तुम्हाला शिकायला एक वर्ष मिळालं. ते रडत काढायलासुद्धा गाठीला काही असावं लागतं. आमच्याकडं पुढच्या आठवड्याच्या सुताचे पैसे नसायचे.

अथणीकर
दोघांचं वाचलं. आमच्या कोल्हापुरी चपलेचं सांगतो, मग ठरवा.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीनं हुबेहूब आमच्या घाटाची चप्पल दाखवली. कोल्हापुरी हे नाव कुठंच नव्हतं. इकडं ओरड झाली, तेव्हा मूळ भारतातलं आहे हे त्यांनी मान्य केलं. डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार ठरला. दोन्ही राज्यांत मिळून 2,000 जोड करून घ्यायचे, किंमत जोडाला सुमारे 800 युरो, म्हणजे 84 हजार रुपयांच्या आसपास. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा नाही, शिलाईसुद्धा चामड्याच्याच वादीनं, वेणी घालणाऱ्या घरातल्या बायका. आमच्या हातात जोडामागं जे पडतं ते इथं लिहायला जीव धजत नाही.

मुख्य गोष्ट पुढं आहे. 2019 पासून कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्यात आठ जिल्हे आहेत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर तिकडचे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर इकडचे. 1956 ला ओढलेली रेषा या चपलेनं मानली नाही, याचा मला फार अभिमान आहे. पण जीआय नावाचं रक्षण करतं, घाटाचं नाही, आणि प्राडानं नाव वापरलंच नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलैत फेटाळली गेली. ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी दाद मागावी, असं ठरलं. नोंदणी आहे याच दोन महामंडळांच्या नावावर. कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. तो चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडं जातो आणि इंग्रजीत असतो. आमच्या गल्लीत असे हात आहेत की डोळे झाकून वेणी घालतील, पण त्या अर्जावर काय लिहिलंय ते त्यांना दुसऱ्याला विचारावं लागतं.

म्हणून ताई, मी तुमच्या बाजूनं नाही. बाजार आला याचं मला दुःख नाही. जगाला आमची चप्पल हवी आहे. पण सौद्याच्या खोलीत आमचा माणूस नसतो.

खानापूरची बाई
मी मराठी शाळेत शिकवते, म्हणून शाळेबद्दलच लिहिते. कर्नाटक सरकारनं 1994 ला आदेश काढला होता की पहिली ते चौथी मातृभाषेत नाहीतर कन्नडमध्ये शिकवायचं. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सरकारला अशी सक्ती करता येत नाही, माध्यम आईवडिलांनी निवडायचं. बहुतेकांनी इंग्रजी निवडलं, ते माझा वर्ग सांगतो. पण चौथीला वर्गात येणारं पोर मराठी अडखळत वाचतं आणि इंग्रजीही अडखळतच वाचतं, तेव्हा त्याला एकही भाषा हातात धरून चालता येत नाही. इंग्रजी हवीच, माझा विरोध नाही. पण पहिली चार वर्षं घरच्या भाषेत पाया घालू द्या.

दोन पोरींचा बाप, निपाणी
बाई, रागावू नका. माझी आई तंबाखूच्या वखारीत राबली. आमच्या पाया घालायच्या वयात आम्ही तिथं धूळ खाल्ली. माझ्या थोरलीला इंग्रजी आलं म्हणून तिला बेंगळूरला नोकरी लागली. व्हीटीयू, म्हणजे इंजिनिअरिंगचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ, 1998 पासून बेळगावात आहे, पण तिथं इंजिनिअरिंग शिकायचं तर बहुतेक इंग्रजीतच शिकावं लागतं. मराठी जपायची जबाबदारी गरिबाच्याच पोरीवर का? ज्यांची पोरं पुण्यात इंग्रजी शाळेत शिकायलीत, त्यांनी आधी उत्तर द्यावं.

खानापूरची बाई
माझी मुलगी मराठी शाळेतच शिकली. तरीही तुमचा प्रश्न खरा आहे. माझ्याकडं त्याचं पूर्ण उत्तर नाही.

उद्यमबागेतला
अथणीकर, तुमचा अर्ज आणि माझा ओतीचा कागद एकच की हो. लिहिता आला म्हणून मी तगलो. मागावरच्या ताईंना मात्र एवढं सांगतो की मला शिकायला पोट आवळावं लागलं, कुणी वर्ष बक्षीस दिलं नाही.

मागावरची, शहापूर
दादा, मी तुमचं कष्ट नाकारलं नाही. पण तुम्ही पोट आवळलंत तेव्हा भट्टी तुमच्या मालकीची होती आणि बँक दारात होती. आमचं सूत व्यापाऱ्याचं, साडी व्यापाऱ्याची, फक्त माग आमचा. जग उघडलं तेव्हा व्यापाऱ्यानं माल बदलला, आम्हाला बदलायला काही नव्हतं. या मुद्द्यावर मी मागं हटणार नाही.

अथणीकर, त्या अर्जाची एक प्रत इथं टाका. भाचीला इंग्रजी येतं, मला मराठी येतं. रविवारी दोघी बसतो. ती वाचेल, मी लिहीन.

अथणीकर
आज रात्री टाकतो, ताई. आमच्या गल्लीतल्या काकींना कन्नड सोपं जातं, तेवढं कुणीतरी बघा.