नैसर्गिक, कायदेशीर आणि सासऱ्यांचे १३८ ठोके

मुग्धा_एनजे
परवा इथे 'अमेरिकेत आलेल्या आईबाबांना झोप येत नसेल तर' या धाग्यावर एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं: "हेम्पच्या गम्या द्या. गांजा नाही हो, हेम्प. शंभर टक्के नैसर्गिक, पन्नासही राज्यांत कायदेशीर, साइड इफेक्ट शून्य." (गमी म्हणजे चघळायची गोळी, हेम्प म्हणजे कमी नशेचं गांजाचंच रोप.) खाली बावीस अंगठे. तिथेच उत्तर दिलं असतं तर शिव्या निघाल्या असत्या, म्हणून हा वेगळा धागा.

सासरे मे महिन्यात पुण्याहून आले. वय ७१. जेटलॅगमुळे रात्री दोनला चहाचं आधण ठेवायचे. नवऱ्याच्या मित्राने मोठ्या प्रेमाने अशीच एक बाटली आणून दिली. डेल्टा-८, म्हणजे टीएचसी या नशेच्या द्रव्याचा एक प्रकार, एका गमीत २५ मिलिग्रॅम. बाबांनी अर्धी खाल्ली. पाऊण तासाने "काही होत नाही रे, लिमलेटची गोळी आहे ही," म्हणत वर आणखी एक अख्खी. नंतर पाणी प्यायला उठले ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले, दोन्ही हातांनी कठडा धरून. "मुग्धा, ही पायरी संपत का नाहीये?" एवढं एकच वाक्य, सात-आठ वेळा. नाडी १३८. इमर्जन्सीत ईसीजी, सलाईन, आणि डॉक्टरांचं म्हणणं, याला उतारा नाही, उतरेपर्यंत सोबत बसा. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत बसलो. व्हिजिटर इन्शुरन्सने कळवलं, नशेमुळे झालेल्या उपचारांचे पैसे मिळत नाहीत. नशा! जन्मात सुपारी न खाल्लेला माणूस.

टेक्सासचा_तात्या
तो सद्गृहस्थ मीच.
काकांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण दीड गमी मी नाही भरवली. डोलो दीड पत्ता खाल्ली तर डोलोवर बंदी आणाल का? २०१८ च्या फार्म बिलाने, म्हणजे अमेरिकेच्या शेतीच्या कायद्याने, हेम्प मोकळं केलंय. जून २०२५ मध्ये आमच्या विधिमंडळाने बंदीचं बिल पास केलं, तर गव्हर्नर अ‍ॅबटनी ते व्हेटो करून टाकलं. म्हणजे कायदेशीर. माझे कमरेचे मणके, एल-४ एल-५, गेलेत. आधी झोपायला तीन पेग लागायचे, आता दोन वर्षं रोज ५ मिलिग्रॅम. कोणता तात्या बरा, ते बायकोला विचारा. पण इथल्या प्रत्येक गेट-टुगेदरला बेसमेंटमध्ये दारूचा बार लागतो, त्याच्यावर धागा काढायची हिंमत कोणाची नाही.

अवली_आत्या
आला दारूचा मुद्दा. पहिल्याच प्रतिसादात. मला वाटलं होतं पाचव्यात येईल.

फार्मसिस्ट_निशा
काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते. धुरातून घेतलं की मिनिटांत कळतं. पोटातून गेलं की आधी लिव्हर. तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं आणि ते मेंदूत जास्त जोरात पोचतं. सुरुवात व्हायला अर्धा ते दोन तास, कळस त्यानंतर, उतरायला सहा-आठ तास, म्हाताऱ्या माणसाला जास्तच. "काही होत नाही" म्हणून दुसरी खातात, ती या मधल्या वेळात. दर आठवड्याला कोणीतरी हेच सांगतं. डोलोच्या पाकिटावरचा आकडा तरी खरा असतो.

आणि "नैसर्गिक" म्हणणाऱ्यांनी ऐका. हेम्पच्या रोपात डेल्टा-८ नखभर असतं. बाटलीतलं डेल्टा-८ हे सीबीडी, म्हणजे रोपातलं नशा न आणणारं द्रव्य, घेऊन, सॉल्व्हंटमध्ये अ‍ॅसिड घालून बनवतात. त्यात उपपदार्थ काय उरतात हे बनवणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. मुग्धा, बाबा रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का?

मुग्धा_एनजे
वॉर्फरिन. डॉक्टरांनीही पहिला प्रश्न तोच केला. गमीत सीबीडीही होतं.

फार्मसिस्ट_निशा
मग नशीब समज. वॉर्फरिन फोडणारी लिव्हरची एन्झाइम्स सीबीडी अडवून धरतं, वॉर्फरिन साचतं, आयएनआर वर जातो, म्हणजे रक्त गोठायला उशीर लागतो. बाटलीवर यातलं अक्षर नसतं.

टेक्सासचा_तात्या
ताई, सीबीडी एवढं विष असेल तर एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध खात्याने, २०१८ मध्ये त्याच सीबीडीचं औषध लहान मुलांच्या फिट्सवर मंजूर कसं केलं?

फार्मसिस्ट_निशा
प्रिस्क्रिप्शनवर, मोजलेल्या डोसात, लिव्हरच्या तपासण्या करत. पेट्रोल पंपावरच्या काउंटरवर लायटरशेजारी नाही.

मुग्धा_एनजे
तात्या, तुमच्या फार्म बिलाचं गणित करा. मर्यादा आहे कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के डेल्टा-९, म्हणजे गांजातलं नेहमीचं टीएचसी. रोपासाठी ठीक. ४ ग्रॅमच्या गमीला लावली की एका गमीत १२ मिलिग्रॅम बसतं. कॅनडात, जिथे सगळं राजरोस विकतात, तिथे अख्ख्या पाकिटाला मर्यादा १० ची. आणि पन्नास राज्यं कुठली? आयडाहोत टीएचसीचा लवलेश चालत नाही. कोलोरॅडोने, गांजा दुकानात विकणाऱ्या कोलोरॅडोने, डेल्टा-८ बंद केलं.

सहा वर्षांखालच्या मुलांनी चुकून असलं काही खाल्ल्याच्या नोंदी अमेरिकेच्या पॉयझन सेंटर्सकडे २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बाटलीवर अस्वलं होती.

टेक्सासचा_तात्या
त्या आकड्यात गांजाच्या लायसन्सवाल्या दुकानांचा मालही आला. सगळं हेम्पच्या नावावर टाकू नका. अस्वलांचं मान्य. माझ्या बाटलीवर नाहीत.

भोळा_सांब
तुमचं चालू द्या, पण हे अमेरिकन लोक आपलीच भांग आपल्याला विकतायत हे कोणाला दिसत नाही का? इंग्रजांनी कमिशन नेमलं होतं, १८९४ चा अहवाल. हजारावर साक्षी काढल्या आणि म्हणाले, बेताने घेतली तर भांगेने काही बिघडत नाही. आमच्या आजोबांची महाशिवरात्रीची ठंडाई, पाटा-वरवंट्यावर घोटलेली, वर बदाम-बडीशेप. कोणी जिन्यावर अडकलं नाही.
मी तर डिसेंबरात मुंबईला येताना भावासाठी दोन बाटल्या आणतोय. भांग चालते तर गमी का नाही?

वकिली_नको
सांबा, थांब. बाटल्या सुटकेसमध्ये भरल्यास का?
एनडीपीएस, म्हणजे आपला अमली पदार्थांचा कायदा, १९८५. गांजाच्या व्याख्येतून सुटतात बिया आणि पानं, तीही शेंड्यांशिवाय. म्हणून केंद्राच्या कायद्यात भांग वाचली. तुझ्या गमीत पान नाही, काढलेलं टीएचसी आहे. ते भारतात अमली पदार्थच, अमेरिकेचा कायदा दाखवून काही होत नाही. आणि हिरा सिंग खटल्यात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की मिश्रण असेल तर वजन सगळ्या मिश्रणाचं धरायचं. म्हणजे साखर, जिलेटिन, रंग, सगळं. मिलिग्रॅम विसर, काट्यावर बाटली चढते. व्यावसायिक मात्रेत गेलास तर किमान दहा वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण.

भोळा_सांब
उगाच घाबरवू नका. लोक आणतात. व्हिटॅमिनच्या डबीत घालून आणतात.

वकिली_नको
म्हणजे माहीत असून लपवलं, हाही पुरावा तूच तयार करतोयस. तोही इथे लिहून. शाब्बास.

भोळा_सांब
भांग तरी मुंबईत मोकळी आहे ना!

वकिली_नको
नाही. मद्य-मादक पदार्थ राज्यांचा विषय. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, लायसन्स लागतं. आसामात बंदी. गंमत म्हणजे दारूबंदीवाल्या गुजरातने २०१७ मध्ये भांग यादीतून काढली. आजोबांची ठंडाई बहुधा बेकायदेशीरच होती.

भोळा_सांब
आजोबांवर जाऊ नका! ते तलाठी होते.

अवली_आत्या
तलाठी आणि भांग. सात-बाराचे घोळ आत्ता कळले.

भोळा_सांब
हे अती होतंय. अ‍ॅडमिन कुठे आहेत?

फार्मसिस्ट_निशा
सांब, आजोबांबद्दल आदर ठेवून एक विचारते. पहिला पेला प्यायल्यावर दुसरा लगेच मिळायचा का?

भोळा_सांब
छे. आजी पातेलं आतल्या खोलीत नेऊन ठेवायची. "चढली नाही असं वाटलं की समजावं चढतेय," म्हणायची. जेवणं होईपर्यंत दुसरा पेला नाही. आणि पोरांना, बाळंतिणीला, हृदयवाल्यांना अजिबात नाही.

फार्मसिस्ट_निशा
माझं अख्खं पहिलं उत्तर तुमच्या आजीने एका ओळीत दिलं. भांगही लिव्हरमधूनच जाते हो. कमिशनच्या त्या वाक्यातला "बेताने" आजीच्या पातेल्यात होता. बाटलीबरोबर आजी येत नाही.

टेक्सासचा_तात्या
आजी आल्या म्हणून सगळे गप्प, मी दोन वर्षं डायरी ठेवून ५ मिलिग्रॅम घेतोय त्याला किंमत नाही. असो. तुम्हाला आनंद होईल अशी बातमी देतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद पडलेलं सरकार पुन्हा चालू करायच्या खर्चाच्या बिलात वॉशिंग्टनवाल्यांनी हेम्पची व्याख्याच बदलून घुसवली. अख्ख्या बाटलीला ०.४ मिलिग्रॅम टीएचसी, आणि प्रयोगशाळेत बनवलेलं सगळं बाहेर. वर्षभराची मुदत. तुमच्या सासऱ्यांनी एका रात्रीत जेवढं खाल्लं, तेवढ्यासाठी शंभराच्या आसपास बाटल्या लागतील. माझ्या पाठीचं काय करायचं ते कोणी लिहिलेलं नाही. परत पेगवर जातो.

मुग्धा_एनजे
तुमची पाठ खोटी आहे असं मी कुठे म्हटलं? तुम्ही मोजून घेता, एकाच ठिकाणचा माल घेता, दुसरी कुठली औषधं नाहीत. घ्या ना. माझा राग त्या तीन ओळींवर आहे, ज्या वाचून कोणीतरी वॉर्फरिनवाल्या म्हाताऱ्याला बाटली देतं. बाबा अजून जिन्यावर दिवा लावल्याशिवाय पाय ठेवत नाहीत. पुण्यात गेल्यावरसुद्धा.

टेक्सासचा_तात्या
…ठीक आहे. त्या धाग्यावरचं "साइड इफेक्ट शून्य" काढलं. "पन्नासही राज्यांत" पण काढलं. "द्या" च्या आधी "डॉक्टरला विचारून" घातलं. आणखी काही हुकूम?

मुग्धा_एनजे
"शंभर टक्के नैसर्गिक" राहिलंय.

टेक्सासचा_तात्या
माझी डेल्टा-९ ची आहे, रोपातूनच काढलेली. ते राहणार.

फार्मसिस्ट_निशा
मग "माझी" हा शब्द घाला पुढे.

टेक्सासचा_तात्या
घातला. मास्तरीणबाई.

भोळा_सांब
माझ्या दोन बाटल्यांचं काय? दुकानदार परत घेत नाही. भावाला शब्द देऊन बसलोय.

वकिली_नको
भावाला बदाम ने.

टेक्सासचा_तात्या
आधी लेबलचा फोटो टाक. डेल्टा-८ असेल तर फेक. ९ असेल तर मला मेसेज कर.

मुग्धा_एनजे
तात्या!!